बग ट्रायाज: नाशिकच्या फवारणी-डायरीवाल्यांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं आमच्याबद्दल. आम्ही नाशिकचे पाच-सहा जण मिळून द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवायचं एक छोटं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) ॲप सांभाळतो, नोकऱ्या वेगळ्या, हे काम शनिवार-रविवारचं. कोड लिहिणारे दोघंच, बाकीचे आम्ही आलेल्या तक्रारी निवडत बसतो. नवीन येणारा प्रत्येक जण तेच तेच विचारतो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. क्रम वगैरे फार लावलेला नाहीये, जसं आठवलं तसं.

ट्रायाज म्हणजे नेमकं काय? बग सोडवणं का?

बग म्हणजे ॲपमधली चूक, आणि ट्रायाज म्हणजे ती सोडवणं नाही, आलेल्या तक्रारी निवडणं. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थही तोच, निवडून वेगळं करणं, आणि रुजला तो लढाईतल्या जखमींमुळे. नेपोलियनच्या सैन्यात डॉमिनिक जाँ लारे नावाचे सर्जन होते, त्यांनी हुद्दा न बघता जखम किती गंभीर यावरून आधी कोणाला घ्यायचं ते ठरवायची पद्धत बसवली. आपल्याकडचं सांगायचं तर चाळीतला कांदा बाहेर काढला की बाया खाली बसून गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी, जोड वेगळा, सडका लांब असं करतात ना, तेच. तिथं बसून कोणी कांदा चिरत नाही. पण ती निवड नीट झाली नाही तर लासलगावला भाव काय मिळतो ते सगळ्यांना माहितीये.

मला कोडिंग येत नाही, तरी चालेल का?

चालेल काय, पळेल. आमच्यातली सगळ्यात भारी ट्रायाज करणारी ताई कॉमर्सची आहे, ओझरला एका कृषी सेवा केंद्राचे हिशोब बघते. तिला कोडची एक ओळ वाचता येत नाही पण कुठली तक्रार खरी, कुठली अर्धवट आणि कुठली दोन महिन्यांपूर्वी येऊन गेलीये हे ती चहा संपायच्या आत सांगते. गिटहबवर, म्हणजे कोड आणि तक्रारी ठेवायच्या साइटवर, ट्रायाज नावाचा वेगळा रोलच असतो, त्यात लेबल लावता येतं, इश्यू (नोंदवलेली तक्रार) बंद करता येतो, परत उघडता येतो, पण कोडला हात लावता येत नाही. म्हणजे माझ्याकडून काही मोडलं तर, ही भीती सोडून द्या, मोडण्यासारखं काही हातातच नसतं.

रिपोर्ट मराठीत लिहिला तर चालतो का?

हो. इंग्रजीत लिहायचा प्रयत्न करून अर्धं सांगण्यापेक्षा मराठीत पूर्ण सांगा. इंग्रजीत सारांश लागला तर आम्ही टाकतो.

नवीन रिपोर्ट आला की पहिल्यांदा काय बघता?

तीन गोष्टी, आणि तिन्ही रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या तोंडून यायला पाहिजेत: त्याने काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, आणि प्रत्यक्षात काय झालं. त्यानंतर ॲपचं व्हर्जन, फोनचं मॉडेल, अँड्रॉइड कितवं. एवढं असेल तर स्वतःच्या फोनवर तसंच करून बघायचं, झालं तर कन्फर्म, नाही झालं तर विचारायचं. बगझिला नावाचं जुनं ट्रॅकर (बगच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) आहे, फायरफॉक्सच्या मोझिलावाल्यांनी १९९८ मध्ये काढलेलं, लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचे बग अजून त्याच्यावरच असतात, तिथं आलेला बग सुरुवातीला अनकन्फर्म्ड असतो आणि रिपोर्ट करणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणालातरी तो दिसला की मग न्यू होतो. मला हे फार आवडतं. म्हणजे दुसऱ्या माणसाने डोळ्याने बघितल्याशिवाय बग जन्मालाच येत नाही. आम्हीपण तोच नियम ठेवलाय, फक्त आमचं लेबल 'दिसला' असं आहे.

"ॲप नीट चालत नाही" एवढंच लिहिलंय. बंद करून टाकू का?

नको! याच्यावर आम्ही एकदा तोंडघशी पडलोय, ते सविस्तर सांगतो.

निफाड तालुक्यातल्या एका आप्पांचा मेसेज आला, "तारीक चुकते." बस एवढंच. आमच्या एका पोराने 'माहिती हवी' असं लेबल लावलं, इंग्रजीत एक छापील उत्तर टाकलं की कृपया व्हर्जन आणि स्टेप्स द्या, आणि तीन आठवडे काहीच उत्तर नाही म्हणून बंद करायला निघाला. तेवढ्यात ताईने फोन लावला. ते बोलणं साधारण असं झालं:

"आप्पा, कुठली नोंद चुकली?"
"सगळ्याच चुकत्या."
"कालचीपण?"
"न्हाई, कालची बरोबर हाये. परवाची चुकली. त्याच्या आदली पण."
"परवा फवारणी किती वाजता केली होती?"
"आता ते काय ध्यानात राहातं का ताई. वहीत लिव्हलंय, फोटू धाडतो."

वहीचा फोटो आला. आप्पा आमच्यापेक्षा शिस्तीचे निघाले, प्रत्येक फवारणीपुढे वेळ लिहिलेली. पहाटे पावणेपाच, सकाळी सात, पहाटे पाच दहा, सकाळी साडेसहा. ताईने ॲपमधल्या तारखा शेजारी मांडल्या तर पावणेपाचची आणि पाच दहाची नोंद आदल्या दिवशी गेलेली, सातची आणि साडेसहाची जागेवर. तिने फक्त एवढंच लिहिलं की साडेपाचच्या आधीचं सगळं एक दिवस मागे जातंय असं दिसतंय. कोडवाल्या दोघांपैकी एकाने ते 'साडेपाच' वाचलं आणि कपाळावर हात मारला, कारण आपलं घड्याळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे आणि आम्ही वेळ यूटीसीत साठवून त्यातून नुसती तारीख कापून घेत होतो. इथं पहाटेचे पावणेपाच वाजलेले असतात तेव्हा यूटीसीत आदल्या रात्रीचे सव्वाअकरा असतात. आम्ही सगळे टेस्टिंग करायचो रात्री जेवण झाल्यावर, त्यामुळे आमच्या बापजन्मी हा बग आम्हाला दिसला नसता. रात्रभर पाऊस पडून गेला की डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) भीतीने बागायतदार पहाटेच फवारणीचा ब्लोअर काढतो, हे आमच्यातल्या कोडवाल्यांना माहितीच नव्हतं.

तर उत्तर: बंद करू नका, विचारा. आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा, दहा प्रश्नांचा फॉर्म अंगावर फेकला की माणूस परत येत नाही.

"माझ्याकडे तर चालतंय" असं लिहून बंद केलं तर काय बिघडलं?

बगझिलामध्ये तर वर्क्सफॉरमी अशी अधिकृत स्थितीच आहे, त्यामुळे हे उत्तर अगदीच गैर आहे असं नाही. पण ते शेवटचं उत्तर पाहिजे, पहिलं नाही. 'माझ्याकडे' आणि 'त्यांच्याकडे' यात फरक काय हे शोधून दमल्यावर मग म्हणा.

आमचं उदाहरण देतो. दिंडोरीकडून तक्रार की औषधाचं प्रमाण टाकलं, सेव्ह केलं, परत उघडून बदलायला गेलं की 'योग्य आकडा टाका' असा लाल मेसेज येतो. आम्ही पाच जणांनी पाच फोनवर बघितलं, कुठेच नाही. तोच फोन, तेच अँड्रॉइड आणून बघितलं, तरी नाही. शेवटी स्क्रीन रेकॉर्डिंग मागवलं आणि त्यात वरच्या कोपऱ्यात घड्याळ दिसलं, त्याचे आकडे देवनागरी. फोनची भाषाच मराठी होती! आणि फोनची भाषा मराठी असली की आकडे फॉरमॅट करताना सिस्टीम आपोआप देवनागरी अंक देते, मराठीसाठी तेच डिफॉल्ट ठरलेलं आहे. आमचं ॲप दाखवताना २.५ असं देवनागरीत दाखवायचं आणि वाचताना मात्र इंग्रजी अंकांचीच वाट बघायचं, म्हणजे स्वतःच लिहिलेलं स्वतःला वाचता येत नव्हतं. मराठी शेतकऱ्यांसाठी मराठी पोरांनी मराठी ॲप बनवलं आणि एकाही पोराचा फोन मराठीत नव्हता. यावर जास्त काय बोलू.

तेव्हापासून फोनची भाषा कोणती हा प्रश्न व्हर्जनच्याही आधी विचारतो.

व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट आली तर तो रिपोर्ट धरायचा का?

धरायचा. ऐकून इश्यू आपणच लिहायचा, त्यांच्या शब्दांत, आणि खाली लिहायचं की फोनवरून आलेला. नाव, गाव, गट नंबर काही टाकायचं नाही, इश्यू सगळ्या जगाला दिसतो. स्क्रीनशॉटमध्येपण बघा, परवाच एकात मागे व्यापाऱ्याच्या पैशाचा मेसेज उघडा होता.

सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटी एकच ना?

नाही, आणि यावर आमच्यात दर महिन्याला एकदा तरी भांडण होतं.

सिव्हिअरिटी म्हणजे झालं तर किती नुकसान. प्रायॉरिटी म्हणजे आधी कशाला हात घालायचा. मागच्या दिवाळीत ॲपच्या पहिल्याच पानावर 'शुभ दिपावली' असं पहिली वेलांटी देऊन गेलं होतं, त्याने कोणाचं एक पैशाचं नुकसान नाही, पण तासाभरात दुरुस्त केलं कारण प्रत्येक जण उघडल्या उघडल्या तेच बघत होता आणि ताईचे फोन थांबेनात. उलट्या बाजूला आप्पांचा तारखेचा बग. दिसायला चिल्लर, एका दिवसाचा तर फरक. पण औषध मारल्यापासून काढणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे ते, म्हणजे पीएचआय, ॲप त्या तारखेवरून मोजतं, आणि तारीख एक दिवस मागे गेली की ॲप काढणीला एक दिवस आधीच हिरवा कंदील दाखवतं. ज्यांना २०१० आठवतं त्यांना सांगायला नको, त्या वर्षी क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात गेलेली द्राक्षं अडकली होती आणि नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांत त्याची झळ बसली. तेव्हापासून अंश हा शब्द इकडे कोणी हसत उच्चारत नाही. म्हणून तारखेचा बग 'गंभीर' झाला.

पायऱ्या किती ठेवायच्या हे प्रत्येकाचं वेगळं. डेबियन या लिनक्स सिस्टीममध्ये सात आहेत, क्रिटिकल, ग्रेव्ह, सीरियस पासून खाली मायनर आणि विशलिस्टपर्यंत. आम्ही सातच ठेवल्या होत्या सुरुवातीला, हौस म्हणून. मग लक्षात आलं की ग्रेव्ह आणि सीरियसमध्ये फरक काय यावरच अर्धी संध्याकाळ जातेय. आता तीन आहेत: पीक किंवा नोंद बुडेल, काम अडेल, डोळ्याला खटकेल.

आणि हो, रिपोर्ट करणाऱ्याने अर्जंट लिहिलं म्हणून अर्जंट होत नाही. तसंच त्याने "सावकाश बघा" लिहिलं म्हणून सावकाशही होत नाही, आपली माणसं भिडस्त असतात.

हा बग आहे का फीचरची मागणी आहे हे कसं ठरवायचं?

बहुतेक वेळा सोपं असतं. ॲप जे करतो म्हणतं ते करत नसेल तर बग, जे कधी म्हटलंच नव्हतं ते हवं असेल तर मागणी. पण मध्ये एक पट्टा आहे, तिथं डोकं फिरतं.

एकाने लिहिलं की क्षेत्र १.१० टाकलं तर औषध कमी सांगतं. कोड बघितला, बरोबर. एक पूर्णांक दहा शतांश एकर, म्हणजे १.१, गुणाकार चोख. बंदच करणार होतो. मग सहज विचारलं, तुमचं क्षेत्र नेमकं किती हो भाऊ, तर म्हणे एक एकर दहा गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे सव्वा एकर झालं की! ते आणि त्यांच्या वाडवडिलांनी आयुष्यभर ते १.१० असंच लिहिलंय, आणि आमच्या ॲपने ते एक एकर चार गुंठे असं समजून घेतलं. कोडवाला म्हणाला हा युजरचा गैरसमज आहे, ताई म्हणाली गैरसमज ॲपचा आहे. मी ताईच्या बाजूने. लेबल 'बग' लागलं, आणि आता एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने आहेत.

डुप्लिकेट कसा शोधायचा? शोधून सापडत नाही.

मराठीत शोधताय ना, मग नाहीच सापडणार, आणि चूक तुमची नाही. 'ॲप' हा शब्द घ्या. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत) स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याच्या आधीपासून लोक अ लिहून वर चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. तसंच 'शेतकऱ्याचं' मधला ऱ. कोणाचा कीबोर्ड वेगळं ऱ अक्षर आणि हलन्त देतो, कोणाचा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. वर कुठल्या सर्चने ते न दिसणारं चिन्ह गाळून टाकलं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगर सोडून थेट समुद्रात. त्यामुळे एकाच तक्रारीचे तीन इश्यू उघडे पडलेले असतात आणि तिन्ही आपापल्या जागी एकटे.

आमचा जुगाड: प्रत्येक इश्यूला एक छोटं इंग्रजी लेबल पण लावायचं, डेट, सेव्ह, सिंक, प्रिंट असं, आणि शोधायचं ते लेबलने. शोधताना एरर मेसेजमधला अख्खा वाक्याचा तुकडा टाकून बघा, लोक वर्णन वेगवेगळं करतात पण एरर तोच चिकटवतात.

डुप्लिकेट सापडला की जुना ठेवून नवा बंद करायचा असं कोणी सांगितलं असेल तर ते अर्धंच खरं. ज्याच्यात माहिती जास्त तो ठेवायचा, मग तो कालचा असला तरी. आणि बंद केलेल्यातली नवी माहिती, वेगळा फोन, वेगळी वेळ, ती उचलून ठेवलेल्यात टाका. चार जणांना एकच त्रास होतोय ही स्वतःच एक माहिती आहे.

बिसेक्ट म्हणजे काय? मला जमेल का?

जमेल. ठिबकची लाईन चोक झाली की आपण काय करतो, पहिल्या झाडापासून एकेक ड्रिपर बघत जात नाही, मध्यावर नळी उघडतो. इथं पाणी आलं म्हणजे घाण पुढे आहे, नाही आलं म्हणजे मागे. मग उरलेल्या अर्ध्याचा परत मध्य. गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं टूल, त्यातलं बिसेक्ट अगदी हेच करतं, मागचं चांगलं व्हर्जन सांगा, आत्ताचं बिघडलेलं सांगा, ते मधलं काढून देतं, तुम्ही चालतंय किंवा नाही एवढंच सांगायचं. हजार बदल झाले असतील तरी दहा वेळा बघून नेमका कुठल्या बदलाने घोळ केला ते हातात येतं. फायरफॉक्ससाठी मोझरिग्रेशन नावाचं टूल आहे, ते तयार बिल्ड उतरवून देतं, म्हणजे कोड कंपाइल करायचीही (कोडपासून स्वतः प्रोग्राम बनवायचीही) गरज नाही. लिब्रेऑफिसवाल्यांचंही तसंच, ते त्याला बिबिसेक्ट म्हणतात. आमच्याकडे एवढं थाटामाटाचं काही नाही, जुन्या एपीके फाइल्स (अँड्रॉइडवर ॲप बसवायच्या फाइल्स) एका फोल्डरमध्ये तारखेने ठेवल्यात, मधली टाकून बघायची.

फक्त एक, बग दर वेळी हमखास दिसत असेल तरच करा. कधी दिसतो कधी नाही अशाला बिसेक्ट लावलात तर तो तुम्हाला निष्पाप बदलाच्या दारात नेऊन सोडेल.

"नुसतं स्लो झालंय" अशा तक्रारीचं काय करायचं?

ठेवायची. २०२४ च्या मार्चमध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं नेटवर्क असेल. तो खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्तीत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. प्रत्येक स्लोच्या मागे असं काही नसतं हे मान्य, आमच्याकडे स्लोच्या मागे बहुतेक वेळा भरलेलं मेमरी कार्ड असतं. तरी किती वेळ लागतो आणि आधी किती लागायचा हे दोन आकडे विचारून घ्या.

सुरक्षेचा बग सापडला तर?

उघड इश्यू टाकू नका, लेबल लावू नका, ग्रुपवर तर अजिबात नको. मेंटेनरला, म्हणजे कोड सांभाळणाऱ्याला, खाजगीत कळवा, गिटहबवर त्यासाठी वेगळी सोय असते, आणि दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत तोंडाला कुलूप. ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा बग २०१२ च्या आवृत्तीत शिरला आणि उघड झाला २०१४ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे दोन वर्षं तो तिथंच होता. तुम्हाला आज सापडला तो आधी कोणाला सापडलाच नसेल असं धरून चालू नका, पण म्हणून उरलेल्यांना पत्ताही देऊ नका. देशपातळीवर कळवायची वेळ आली तर सर्ट-इन ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था आहे. चुकून उघड टाकलाच असेल तर डिलीट करून गप्प बसू नका, लगेच सांगा.

इश्यू बंद केला की लोक चिडतात. काय लिहायचं?

कारण लिहायचं, आणि दार उघडं ठेवायचं. 'इनव्हॅलिड' हे लेबल आम्ही काढूनच टाकलं, कारण एका काकांनी फोन करून विचारलं की मी खोटं बोलतोय का. बरोबर होतं त्यांचं. त्यांनी जे बघितलं ते बघितलंच होतं, फक्त कारण ॲपमध्ये नव्हतं. आता तिथं 'कारण दुसरीकडे' असं लेबल आहे.

करायचंच नाहीये असं ठरलं असेल तर स्पष्ट सांगा. "पुढे बघू" हे पुण्यात काय किंवा नाशकात काय, नाहीचंच गोड रूप आहे आणि सगळ्यांना ते कळतं. बाजारभाव दाखवा अशी मागणी आमच्याकडे पन्नास वेळा आली असेल, आम्ही सरळ लिहितो की हे ॲप फवारणीचं आहे, भावाचं करणार नाही. दोन दिवस राग राहतो, मग जातो.

बंद करणं हे कधीकधी वर्षांनीही होतं. उबंटू या लिनक्स सिस्टीमचा पहिल्या नंबरचा बग २००४ मध्ये तिचा संस्थापक मार्क शटलवर्थने स्वतः टाकलेला, मायक्रोसॉफ्टचा बाजारातला वाटा जास्त आहे हाच बग म्हणून, आणि तो बंद केला २०१३ मध्ये. गंमत म्हणून ठीक, पण असा इश्यू आमच्याकडे आणलात तर ताई तुम्हाला बाहेर काढेल.

सहा महिने हालचाल नाही, असे इश्यू बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) लावून बंद करावेत का?

मला विचाराल तर नको. मतं वेगळी आहेत, मोठ्या प्रोजेक्टमध्ये इलाज नसतो हे कळतं. पण द्राक्षाचं काम मोसमी आहे, गोडी छाटणीचा (फळासाठीच्या छाटणीचा) बग ऑक्टोबरमध्येच दिसणार आणि मार्चमध्ये त्याच्यावर कोणी बोलणार नाही, म्हणून तो मेला असं नाही. त्यापेक्षा चाळीतला कांदा अधूनमधून खालीवर करतात तसं महिन्यातून एकदा जुने वीसएक इश्यू उघडून आत्ताच्या व्हर्जनवर परत करून बघायचे. काही आपोआप गेलेले असतात, ते आनंदाने बंद करायचे. कंटाळवाणं आहे. मिसळ खाऊन आल्यावर करू नका, झोप लागते.

एआयने लिहिलेले रिपोर्ट येतात का? ओळखायचे कसे?

येतात. भाषा गुळगुळीत, मुद्दे भरपूर, आणि आपल्या कोडमध्ये नसलेल्याच फंक्शनचं नाव. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणायच्या टूलचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी यावर जाहीरपणे वैताग व्यक्त केलाय, त्यांच्याकडे तर सुरक्षेच्या नावाखाली असला माल यायचा आणि प्रत्येक तपासायला जाणकार माणसाचा वेळ जायचा. आमचा साधा उपाय, स्क्रीन रेकॉर्डिंग मागायचं. ज्याने खरंच बघितलंय तो पाच मिनिटांत पाठवतो. भाषा सुधारायला एआय वापरला असेल तर आमची काही हरकत नाही, बघितलेलं तुमचं पाहिजे.

पैसे मिळतात का?

नाही. हंगामात द्राक्षाची पेटी मिळते कधीकधी.

नोकरीसाठी उपयोग होतो का?

टेस्टिंग आणि सपोर्टच्या मुलाखतीत होतो, हे अंबडच्या एका कंपनीत लागलेल्या आमच्याच पोराने सांगितलंय. मी काय केलं हे दाखवायला लिंक असते हातात, त्यात तुम्ही काय विचारलं, कसं शोधलं हे सगळं उघडं दिसतं. कोणाशी कसं बोललात तेही दिसतं, ते लक्षात ठेवा.

सुरुवात कशी करू?

तीन इश्यू उघडा, 'दिसला' लेबल नसलेले. आपल्या फोनवर करून बघा. दिसला तर कुठल्या फोनवर, कुठल्या भाषेत, किती वाजता ते लिहा. नाही दिसला तरी लिहा, तेही उपयोगाचं असतं.

नाशकात भेटता का कुठे?

शनिवारी संध्याकाळी, गंगापूर रोडला एकाच्या घरी, गच्चीवर, पावसाळ्यात खाली हॉलमध्ये. पत्ता ग्रुपवर विचारा. लॅपटॉप नसला तरी चालेल. घरात एखादा जुना अँड्रॉइड पडून असेल, स्क्रीन फुटका असला तरी, तर तो मराठीत सेट करून आणा, आणि चार्जर विसरू नका, आमच्याकडे जुन्या पिनचा एकच आहे आणि तो ताई कोणाला देत नाही.